सलग सुट्यांतील काशीदर्शन : घाटांवरील मराठी वारसा

उत्तर प्रदेशातील वाराणसी अर्थात काशी हे देशातील प्रमुख तीर्थक्षेत्र आहे. सलग सुट्यांत तेथे जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांचा वेळ विश्वनाथाचे दर्शन आणि सायंकाळची गंगा आरती यांतच संपतो. मात्र आज दिसणाऱ्या काशीच्या घाटांचा आणि मंदिरांचा मोठा भाग अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत मराठी राज्यकर्त्यांनी उभारला. थोडे नियोजन केल्यास तीन दिवसांत हा वारसा पाहता येतो.

काशीशी महाराष्ट्राचे नाते त्याहूनही जुने आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वर मंदिराच्या उभारणीत पुढाकार घेतला. संत एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केला. १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट हे याच भट्ट घराण्यातील होत.

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीस पोहोचण्यास एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे सुटी मोजकी असल्यास विमानप्रवास सोयीचा ठरतो. बाबतपूर येथील विमानतळ शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो. पावसाळ्यात गंगेची पातळी वाढून घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नौकाविहारही अनेकदा बंद ठेवावा लागतो.

पहिला दिवस विश्वनाथ मंदिरासाठी राखावा. औरंगजेबाच्या १६६९ मधील आदेशानंतर जुने मंदिर पाडण्यात आले. सध्याचे मंदिर अहिल्याबाई होळकर यांनी १७८० मध्ये बांधले, तर शिखरावरील सोन्यासाठी पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी दान दिले. शेजारच्या ज्ञानवापी विहिरीभोवतालचा स्तंभमंडप ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये उभारला. विस्तारित विश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले असून तेथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे. सुटीच्या दिवसांत रांगा मोठ्या असतात, म्हणून पहाटेची वेळ निवडावी. मोबाइल बाहेरच ठेवावा लागतो. सायंकाळी दशाश्वमेध घाटावर आरती होते. त्याला लागूनच अहिल्याबाई घाट आहे.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी अस्सी घाटावरून नौकेने उत्तरेकडे निघावे. अस्सीजवळच भदैनी येथे झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे जन्मस्थान व स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या सेवेत होते. पुढे मणिकर्णिका घाट लागतो. तेथे अंत्यसंस्कार अखंड सुरू असतात. शोकाकुल कुटुंबीयांचा मान राखून छायाचित्रे घेऊ नयेत. लगतचा शिंदे घाट बांधकामाच्या भाराने खचला होता व नंतर पुन्हा बांधण्यात आला. कललेले रत्नेश्वर मंदिर येथूनच दिसते. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा घाट येतो. पुढील बालाजी घाटावरील मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ शहनाईचा रियाज करीत असत.

पंचगंगा घाटावर उतरून औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधव मंदिर पाहावे आणि दुर्गा घाट, ब्रह्मा घाट परिसरातील अरुंद गल्ल्यांतून पायी फिरावे. ही जुनी मराठी वस्ती असून नाना फडणवीसांच्या नावाचा वाडा येथेच आहे. हिंदी पत्रकारितेला दिशा देणारे, ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर (१८८३-१९५५) हेही काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ होते. शहरातील पराडकर स्मृती भवन त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तिसरा दिवस सुमारे १० किलोमीटरवरील सारनाथला द्यावा. गौतम बुद्धांनी पहिला उपदेश दिला ते हे स्थान. राष्ट्रीय बोधचिन्हाचा मूळ सिंहस्तंभशीर्ष येथील संग्रहालयात आहे. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे शुक्रवारपासून सुटी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

मोठ्या मंदिरांची व्यवस्था पाहण्यास संस्था आहेत. गल्ल्यांतील वाड्यांचा इतिहास मात्र प्रामुख्याने तेथील रहिवाशांच्या स्मरणातच टिकून आहे. ती घरे नांदती असल्याने परवानगी घेऊनच आत जावे आणि वडीलधाऱ्यांशी आवर्जून बोलावे. काशीतील मराठी माणसांचा इतिहास त्यांच्याकडूनच ऐकावयास मिळेल.