ग्राहक होण्याआधीची लढाई

दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो, कारण १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. भाषणांत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ साली मांडलेल्या चार हक्कांचा उल्लेख होतो. बाबासाहेबांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. हा इतिहास आम्हाला अपुरा वाटतो.

मापात मारल्याची तक्रार करण्याआधी दुकानात पाय ठेवता आला पाहिजे. हातात पैसे असूनही न्हावी ज्याचे केस कापत नव्हता, ज्याला चहा वेगळ्या कपबशीत मिळत होता, त्याला जातिव्यवस्थेने ग्राहक मानलेच नव्हते.

म्हणून आपला इतिहास पाणवठ्यापासून सुरू होतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून उभे राहिलेले पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. तो कागद प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावे लागले.

पुढे हा लढा संविधान सभेत पोहोचला. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत प्रश्न आला: ‘दुकान’ या शब्दात लाँड्री, केशकर्तनालय येते का? बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की मागेल त्याला सेवा द्यायला मालक जिथे तयार असतो, ते दुकानच. हीच तरतूद आज कलम १५(२) मध्ये आहे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच व्यापक अर्थाच्या आधारे खासगी शिक्षणसंस्थाही या कलमात धरल्या.

आता खरा मुद्दा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार ग्राहक तोच, ज्याने मोबदला दिला किंवा देण्याचे कबूल केले. जात पाहून ज्याला दारातूनच परत पाठवले, त्याचा व्यवहारच झालेला नसतो. तो या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. त्याच्यासाठी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास वा सेवा देण्यास नकार देणे हा त्याच्या कलम ६ नुसार गुन्हा आहे.

तेव्हा दोन्ही कायदे एकत्र वाचले पाहिजेत. माल सदोष निघाला, सेवेत कसूर झाली, तर पावती जपून ठेवा आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. जातीवरून नकार मिळाला, तर मात्र ग्राहक आयोगाची वाट न पाहता पोलीस ठाणे गाठा आणि कलमाचा उल्लेख करून तक्रार लेखी द्या.

पहिला कायदा पैशाची भरपाई मिळवून देतो, दुसरा माणूस म्हणून असलेला हक्क राखतो. वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेत हे दोन्ही कायदे शिकवले गेले पाहिजेत.

जय भीम!