पोटासाठी बाटले?

इंजिनिअरिंगला असताना आमच्या होस्टेलवर खामगावचाच एक ख्रिश्चन मित्र होता. एकदा रात्री गप्पा नको त्या वळणावर गेल्या आणि कुणीतरी त्याला म्हणालं, "तुमचे लोक तर दुष्काळात पोटासाठी बाटले." सगळे गप्प. त्याने मात्र शांतपणे सांगितलं, "हो. माझी खापरपणजी तशीच आली. सहा-सात वर्षांची होती म्हणतात. भूक लागली होती तिला." आणि उठून मेसला गेला.

आता नोकरी पुण्यात, आणि गावी जाणं दिवाळी-गणपतीपुरतं. पण ते वाक्य डोक्यात अडकून राहिलंय. गेले काही वीकेंड त्याच नादात वाचन चाललंय, म्हणून आजचा हा लेख. प्रश्न साधा आहे. भाकरीसाठी धर्मात आलेल्या माणसाला त्या धर्मात शांती मिळते का? आणि मिळाली तर नेमकी कधी?

आधी दुष्काळाबद्दल. १८९९ साली पावसाने दगा दिला. गुजरात-राजस्थानात लोक त्या वर्षाला अजून छप्पनियो म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होतं. आमच्या वऱ्हाडाला खरं तर दुष्काळाची फार सवय नव्हती. काळी जमीन, कापूस आणि हातात खुळखुळणारा पैसा. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती, की फक्त तिच्यासाठी मुख्य लाइनवरच्या जलंबपासून खामगावपर्यंत १३ किलोमीटरचा वेगळा फाटा टाकला गेला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना याचा अजून अभिमान आहे, जणू मेयोसाहेब यांच्याकडेच जेवायला उतरले होते! पण कापूस खाता येत नाही. पाऊस गेला, ज्वारी गेली, शेतातली मजुरी गेली, आणि बाजारात जे धान्य होतं त्याचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांच्या आसपास आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट घट.

(थोडं विषयांतर: त्या वेळी खामगाव बुलढाणा जिल्ह्यात नव्हतं, अकोल्यात होतं. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. असो.)

या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरांना ज्यांनी उचललं त्यांच्यात अमेरिकेचं अलायन्स मिशन होतं. ए. बी. सिम्पसन नावाच्या पाद्र्याने १८८७ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही चळवळ. इथलं तिचं मुख्य ठाणं अकोला, आणि पुढे खामगाव, बुलढाणा, मलकापूर असं तिचं काम पसरलं. खामगावला त्यांचं मुलींचं अनाथालय होतं. आमच्या भागातली बरीच ख्रिस्ती घरं आपली मुळं त्या काळापर्यंत नेतात, त्यापलीकडे कुणाला काही सांगता येत नाही. मूळ आडनाव, मूळ गाव सगळं त्या एका वर्षात पुसलं गेलंय.

आता टोमणा मारणाऱ्याची बाजूही बघू. सहा वर्षांच्या पोरीला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुला कुठला धर्म हवा. मिशनने जेवू घातलं, शिकवलं आणि ख्रिस्ती म्हणून वाढवलं. त्या मुलीला निवड नव्हती हे मला मान्य करावं लागतं, आणि मिशनरी लोक किती आत्मे वाचले त्याचे हिशेब लिहायचे तेही मला आवडत नाही. पण टोमण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. धर्मात येण्याचं कारण भाकरी असेल तर आतला विश्वासही भाकरीएवढाच, असं. इथे मला गडबड वाटते. आत येण्याचा दिवस आणि मनाला स्वस्थता येण्याचा दिवस, या दोन तारखा एकच असतात असं कुणी सांगितलं? ज्यांना भाकरीची अडचण नव्हती त्यांच्याही बाबतीत त्या एक नव्हत्या. त्यासाठी आपल्याकडची दोन ठळक माणसं पाहायला हवीत.

पुण्याहून आमच्याकडे यायला कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. दौंड, नगर (आता अहिल्यानगर), राहुरी, मनमाड, भुसावळ करत ती मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी जाते आणि पुढे नागपूर, गोंदिया. गोंदियाच्या पुढे त्याच रुळांवर राजनांदगाव लागतं. हे सांगायचं कारण, १८९३ मध्ये एक तिशीतला बेकार कवी नागपूरहून राजनांदगावला नोकरी शोधायला निघाला होता. नारायण वामन टिळक. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलता बोलता त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला आणि तू दोन वर्षांत ख्रिस्ती होशील असं भाकीत केलं. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत!

टिळकांची गोष्ट इथे संपते असं वाटतं, पण मला जास्त रस आहे तो घरी राहिलेल्या बाईत. लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' शाळेच्या पुस्तकात धड्यापुरती भेटते आणि आपण पुढे जातो. मी ती पूर्ण वाचली नोकरी लागल्यावर, बसमध्ये, आणि शेजारचा माणूस बघेल एवढं हसलो. हसता हसता लक्षात येतं की ही बाई आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांबद्दल सांगतेय.

लक्ष्मीबाई वाढल्या ते घर सोवळ्याने पछाडलेलं होतं. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं वाढतच गेलं. बाजारातून आलेली जवळपास प्रत्येक वस्तू ते धुऊन घ्यायला लावत. अशा घरातल्या मुलीच्या नवऱ्याने धर्म बदलला. म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने नवरा जिवंत आणि बायको ना सवाष्ण ना विधवा. पदरात लहानगा दत्तू. त्यांनी नवऱ्याच्या मागे जायचं नाकारलं. काही वर्षं नातेवाइकांच्या आधाराने काढली. खचल्या, आजारी पडल्या, जीव नकोसा झाला. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका संसारात दोन चुली, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांवर जीव टाकणारी.

यात मला सगळ्यात खरं वाटतं ते हे, की टिळकांनी जबरदस्ती केली नाही आणि बाईंनाही कुठला चमत्कार दिसला नाही. आकाशातून आवाज वगैरे काही नाही. बदललं ते घागरीपासून. कोणाच्या हातचं पाणी चालेल, कोणाच्या हातचं नाही, हा रोजचा प्रश्न. एक दिवस त्यांना उमगलं की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केल्यात. मग एकेक गाठ सुटत गेली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी! या पाच वर्षांना बाहेरून पाहणारा हट्ट म्हणेल. मला ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. नवऱ्याचा देव उधार घेऊन त्यांना चाललं नसतं.

आणि हे १९०० साल म्हणजे तेच दुष्काळाचं साल. नगर जिल्ह्यातही तीच होरपळ होती, टिळकांच्या घरात दुष्काळातली अनाथ पोरं येत होती. कालपर्यंत दुसऱ्याच्या हातचं पाणी न घेणारी बाई आता जातगोत न विचारता त्या पोरांना न्हाऊमाखू घालत होती. पुढचं आयुष्यही काही सोपं नव्हतं. टिळकांच्या खिशात पैसा टिकायचा नाही, दिसेल त्याला देऊन मोकळे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. ९ मे १९१९ ला ते गेले. लक्ष्मीबाई नंतर मुलाच्या कुटुंबासोबत कराचीपर्यंत जाऊन आल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ज्या बाईला जोडाक्षरांची भीती वाटायची, त्या बाईने त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' चार भागांत आली. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या. दुःख विसरलेलं माणूस असं लिहीत नाही. दुःखाशेजारी स्वस्थ बसता येणारं माणूस तसं लिहितं.

टिळकांबद्दल एवढंच आणखी, की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो असं मानायचे, आणि त्यांची भक्तिगीतं अभंग-ओवीच्या चालीत आहेत. मराठी चर्चमधल्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभरावर गीतं आहेत. टाळ-मृदंगाची सवय असलेल्या वऱ्हाडी माणसाला ती परकी वाटत नाहीत.

परत वऱ्हाडात येऊ. अकोल्याच्या मिशनमध्ये जेनी फुलर नावाच्या बाई होत्या. त्यांचं 'द राँग्ज ऑफ इंडियन वूमनहुड' हे पुस्तक १९०० साली निघालं आणि त्याच साली त्या वारल्या. या पुस्तकाची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. आणि पोटाच्या प्रश्नावर बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो रमाबाईंना.

रमाबाई डोंगरे. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, पुराणं सांगून गुजराण. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई, बहीण एकामागोमाग एक गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं देशभर पायी हिंडले. रानातली बोरं बियांसकट गिळून दिवस काढले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तर खड्डे खणून मानेपर्यंत वाळू ओढून झोपले. म्हणजे भूक काय असते हे त्यांना कुठल्या अहवालातून कळलेलं नव्हतं. पण गंमत पाहा, ही भुकेली मुलगी त्या वेळी ख्रिस्ती झाली नाही. झाली ती १८८३ मध्ये इंग्लंडला, जेव्हा पंडिता म्हणून नाव झालं होतं आणि पोटाचा प्रश्न तितका जाळत नव्हता. त्याआधी भाऊ गेला होता, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला होता, आणि कडेवर छोटी मनोरमा होती.

इथे ती दुसरी तारीख येते. १९०७ मध्ये रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची हकिगत लिहिली. त्यात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. मनाचं समाधान झालं ते तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र वाचताना त्यांना ते लख्ख दिसलं, कारण तो स्वतः पाद्री होऊनही वर्षानुवर्षं तसाच कोरडा राहिला होता. केवढी पंडिता, किती शास्त्रं वाचलेली, आणि तिलाही आठ वर्षं लागली. मग खामगावच्या त्या पोरीकडून पहिल्याच दिवशी शुद्ध श्रद्धेची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

रमाबाईंवरही टीका झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, केसरीने झोडपलं. शब्द दिला होता तर तो काटेकोर पाळायला हवा होता, असं माझं मत. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली-बायका सोडवून आणायला टीकाकारांपैकी किती जण गेले, हाही प्रश्न आहेच.

या मुली केडगावला आल्या. पुणे-दौंड लोकलने गेलात तर हे स्टेशन लागतं, मुक्ती मिशन तिथे आजही आहे. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांजवळ गेली. दोन हजार माणसांचं रोजचं जेवण, विहिरी, शेती, विणकाम, तेलघाणी, शाळा... एखादा प्रोजेक्ट सांभाळताना आपल्या तोंडाला फेस येतो, म्हणून मला याचं जास्तच अप्रूप. तिथल्या दिवसात प्रार्थना होती, तशी कामंही होती. घंटा झाली की उठायचं, दळायचं, शिकायचं, हातमाग चालवायचा. ज्या मुलीला उद्या जेवण मिळेल याची खात्री कधीच नव्हती, तिला उद्याही घंटा होईल आणि उद्याही ताट असेल हे रोज कळत जाणं, याला आशा म्हणायचं नाही तर काय?

तिथे छापखानाही होता. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल एकहाती भाषांतरित करायला बसल्या. मुली खिळे जुळवायच्या, रमाबाई प्रुफं तपासायच्या. यात कित्येक वर्षं गेली. १९२१ मध्ये मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं, केडगावच्याच छापखान्यातून, त्या दुष्काळात उचलून आणलेल्या मुलींच्या हातून.