एकशेसतरावी पलटण : शैबा ते कूत

नोकरीनिमित्त माझी काही वर्षे सुरतेत गेली. तापीकाठचे हे शहर आपल्याला शिवरायांच्या स्वाऱ्यांमुळे आणि राघोबादादांनी इंग्रजांशी केलेल्या १७७५ च्या तहामुळे ठाऊक. पण लिंबायत, उधना या भागांत मागावर काम करणाऱ्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे, हे तिथे राहिल्यावरच कळते. बहुतेक खानदेशातले; मी ज्या घरी जात असे ते बिऱ्हाड मात्र सातारा जिल्ह्यातले. त्यांच्या देवघरात खंडोबा-भवानीच्या टाकांशेजारी वीतभराहून लहान अशी काशाची एक जड चकती ठेवलेली होती. तिलाही रोज हळदकुंकू लागत असे. काळपटलेल्या धातूवर एक स्त्री, तिच्यापुढे सिंह, कडेला इंग्रजी अक्षरे आणि एका चौकटीत उठावाने कोरलेले एका मराठी माणसाचे नाव. "आमच्या आज्याचा थोरला भाऊ," घरचे वृद्ध गृहस्थ म्हणाले. "बसऱ्याला गेला, परत आला नाही. साहेबानं हा टाक पाठवला."

ते सरकारी मृत्युस्मारक होते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या साम्राज्याच्या प्रत्येक सैनिकामागे त्याच्या घरी अशी चकती जाई. तिच्यावर हुद्दा नसतो, पलटण नसते. फक्त नाव असते. पलटणीचा पत्ता सोबतच्या रुप्याच्या पदकाच्या कडेवर सापडला : ११७ मराठा. आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचीच ही एक जुनी शाखा. तिच्या एका वर्षाची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ही पलटण १६ व्या ब्रिगेडबरोबर ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून बोटीत चढली. तिच्यात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा मुलखांतले मराठे होते, तसेच दख्खनी मुसलमानही होते. तुर्कांचा सुलतान हा मुसलमानांचा खलिफा. त्याच्याच फौजेवर बंदूक धरायची म्हणजे या दुसऱ्या गटाच्या मनावर केवढा ताण असेल, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. नोव्हेंबरात फाओला उतरून फौजेने बसरा घेतले. इराणी तेलाच्या नळांचे आणि आखाताच्या तोंडाचे रक्षण हे मूळ काम तिथे संपायला हवे होते. संपले नाही.

आपले वर्ष सुरू होते एप्रिल १९१५ मध्ये. बसऱ्याच्या नैर्ऋत्येस शैबा येथे तुर्क आणि अरब टोळ्या चालून आल्या. १४ एप्रिलला बर्जिसियाच्या झाडीपुढे सपाट मैदानात दिवसभर लढाई झाली. मृगजळात शत्रूचे खंदक दिसत नव्हते, पाणी संपले होते. अखेर इंग्रजांची डॉर्सेट पलटण आणि ११७ मराठा यांनी संगिनी चढवून धाव घेतली आणि फळी फुटली. पराभूत तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने स्वतःला गोळी घालून घेतली. या विजयाने वरिष्ठांच्या डोळ्यांपुढे बगदाद दिसू लागले, आणि पुढचे सारे अनर्थ तिथून निघाले.

२८ सप्टेंबरला कूतच्या अलीकडे एस-सिन येथे पुन्हा तोच प्रकार. रात्रभर दलदलीला वळसा घालून चाल, पहाटेपासून बुरूजवजा खंदकांवर हल्ला आणि दिवसभर घोटभर पाण्याची मारामार. डेलामेन यांच्या ब्रिगेडने, म्हणजे डॉर्सेट आणि ११७ मराठा यांनीच, तिथलेही मोर्चे घेतले. जनरल टाउनशेंड यांना पुढे जाणे धोक्याचे वाटत होते. वरचे सेनापती निक्सन यांना बगदाद हवे होते. रसदीला बोटी पुरेशा नाहीत, जखमींची सोय नाही, अशा स्थितीत फौज तैग्रिसच्या काठाने वर सरकली.

२२ नोव्हेंबर १९१५. बगदाद उरले चाळीसेक किलोमीटर. सासानी राजांच्या पडक्या महालाची प्रचंड कमान जिथे उभी आहे त्या टेसिफोनला लढाई जुंपली. पहिल्या दिवशी तुर्कांचे पुढचे खंदक हाती आले. पण साडेचार हजारांवर माणूस ठार वा जखमी झाला. एवढी झीज सोसून पुढे जाणे शक्यच नव्हते. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांवर टाकून नदीपर्यंत आणले आणि कोंबून बोटींत भरले. या हालांची पुढे विलायतेत चौकशी झाली. उरलेली फौज लढत लढत ३ डिसेंबरला कूतला परतली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला.

कूत-अल-अमारा हे नदीच्या वळणातले लहान गाव. तिथे ११७ सोबत १०३ आणि ११० याही मराठा पलटणी अडकल्या. सोडवणुकीसाठी खालून आलेल्या फौजेने जानेवारी ते एप्रिल या काळात सुमारे २३ हजार माणसे गमावली, पण कूत काही गाठता आले नाही. रोजचा शिधा घटत घटत मूठभर जवाच्या पिठावर आला. स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. त्यांतली काही नदीत पडली.

आणि मग घोड्यांचा प्रश्न आला. गोऱ्या शिपायांनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी बहुतेकांचे मन वळेना. पुढे टाउनशेंड यांनी या नकारावर बराच ठपका ठेवला. त्यांच्या हिशेबात ती हट्टाची गोष्ट होती. पण दसऱ्याला ज्या जनावराला आपण ओवाळतो, ज्याच्यावर खंडोबा बसतो, ते पानात घ्यायचे कसे? शंकराचार्यांची तार आली तरी गावच्या पंगतीत ती कोण वाचणार? परत गेल्यावर घरच्या लेकीबाळींची लग्ने अडतील, ही भीती तुर्कांच्या गोळीपेक्षा जवळची होती. एप्रिलच्या मध्यात, उभे राहवेना तेव्हा, हजारोंनी अखेर ते मांस खाल्ले. कोणी आधी खाल्ले आणि कोणी शेवटपर्यंत नाही, याचा न्याय भरल्या पोटी बसून करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. टाउनशेंड यांची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावरील बंगल्यात झाली. शिपायांना उन्हातून वाळवंटात चालवत नेले. कित्येक वाटेत पडले, कित्येक रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर खपले. सुरतेच्या त्या घरातला माणूस यांपैकी कुठे गेला, ते घरच्यांना कधी कळले नाही.

पलटणीला १९२१ मध्ये 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली, आणि रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आले. मान पलटणीला मिळाला, माणसांचे काय? बसऱ्याला १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या. ही विषमता झाल्याचे युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये कबूल करून क्षमा मागितली. आपल्याकडच्या गावांत चावडीच्या वा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहा. या गावातून इतके गेले, इतके मेले, तिथेही आकडाच.

म्हणून ती काशाची चकती मला विसरता येत नाही. ज्या सरकारने स्मारकावर त्याला आकडा केले, त्याच सरकारने घरी त्याचे नाव पाठवले होते. घरातल्या कोणाला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण तो आपला माणूस आहे, एवढे ओळखून त्यांनी त्याला टाकांशेजारी बसवले. सातारा सुटला, सुरत आली, मागाचा खडखडाट आला; टाक बरोबर आला.

या दिवाळीत आपल्या गावच्या पाटीपाशी एक पणती लावावी. आणि जमले तर गावातल्या वृद्धांना विचारून त्या आकड्यातली नावे लिहून काढावीत. सांगणारे आता फार थोडे उरले आहेत.