सावित्रीकाठचे महाड आणि आमचे दोन ज्ञातिबांधव

आमच्या स्मरणिकेत महाडचा विषय निघाला की लेखणी बहुधा १६६५ साली पुरंदरावर धारातीर्थी पडलेल्या मुरारबाजी देशपांडे यांच्याकडे वळते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ज्ञातीस त्याचा अभिमान वाटावा हे उचितच होय. तथापि सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठच्या या जुन्या बंदराच्या गावात आमच्या स्मरणास पात्र अशी आणखी एक जागा आहे. ती म्हणजे चवदार तळे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केले; परंतु कागदावर! तीन वर्षे त्या पाण्यास कोणी अस्पृश्य शिवू शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांस मारहाण झाली आणि मागाहून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ऑगस्टात नगरपालिकेने ठरावही मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेस येताना डॉक्टरसाहेब जलमार्गाने दासगावास उतरले. परिषदेसाठी जागा दिली ती एका मुसलमान गृहस्थाने, फत्तेखान यांनी. न्यायालयीन वाद १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

या कार्यात सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे आमचे दोन ज्ञातिबांधव प्रथमपासून होते. टिपणीसांनी नगरपालिकेचे अध्यक्षपदही भूषविले होते. पुढे उभयता स्वतंत्र मजूर पक्षात डॉ. आंबेडकरांसमवेत राहिले.

त्यांचे नाव घेताना मात्र आम्ही एक सावधगिरी बाळगावी. परिषदेची जुळवाजुळव दासगावच्या रा. बा. मोरे यांच्यासारख्या तरुण दलित कार्यकर्त्यांनी केली आणि तळ्यावर जाण्याची किंमत दलितांनी अंगावर सोसली. आमचे दोघे त्यांचे साहाय्यक होते. श्रेयाचे धनी म्हणून त्यांस मिरविणे त्यांनाही रुचले नसते. शिवाय त्या दिवशी आमची इतर घरे कोणत्या बाजूस उभी होती, हा प्रश्न टाळून केवळ दोन नावांवर ज्ञातीचा गौरव उभारणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तलवारीच्या पराक्रमास आम्ही पाने दिली. स्वजनांचा रोष पत्करण्याच्या धैर्यास मात्र, खरे बोलावयाचे तर, ओळीही मोजून दिल्या.

आज तळ्याच्या मध्यभागी डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे आणि जेथे मनुस्मृतीचे दहन झाले तेथे क्रांतिस्तंभ उभा आहे. रायगडास जाणारी आमची कुटुंबे महाडावरूनच जातात. त्यांनी वाट वाकडी करून मुलांस ही दोन्ही स्थळे दाखवावीत. ज्या घरांत १९२७ सालची पत्रे वा वह्या असतील, त्यांनी त्यांच्या प्रती मंडळाकडे धाडाव्यात. मजकूर आमच्या पूर्वजांस अनुकूल असो वा नसो. २०२१ च्या जुलैतील महापुराने महाड पाण्याखाली गेले होते. जुने कागद आणखी एका पावसाळ्याची वाट पाहत ठेवू नयेत.