हेंफिलची प्रवचने
आयर्लंडहून फिलाडेल्फियास आलेला हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १७३५ मध्ये पाखंडाच्या आरोपाखाली चौकशीस सामोरा जात असता, आणि बेंजामिन फ्रँकलिन हिरिरीने त्याची कैफियत मांडीत असता, त्याचे एक बहुप्रशंसित प्रवचन डॉ. फॉस्टर यांच्या छापील व्याख्यानातून उचललेले निघाले. पुढे, आपले एकही प्रवचन स्वरचित नव्हते, अशी कबुली त्याने फ्रँकलिनपाशी दिली. स्वतःच्या निकृष्ट प्रवचनापेक्षा परक्याचे उत्तम प्रवचन बरे, हा फ्रँकलिनचा अभिप्राय आम्हांस अर्धाच ग्राह्य वाटतो : रचनाशक्ती नसलेल्या वक्त्यास अशी मुभा संत ऑगस्टीननेही दिली होती, परंतु मूळ कर्त्याचे नाव दडवून श्रोत्यांचा आदर संपादणे हा, धर्मपीठावरून तर विशेषच, विश्वासघात होय. हेंफिल गेल्यावर फ्रँकलिनने ती प्रेस्बिटेरियन मंडळी कायमची सोडली. तिच्या उपदेशकांसाठीची वर्गणी मात्र तो पुढे अनेक वर्षे भरीत राहिला. — संपादक