आसरा दिला हे खरं, पण ते पळाले कशापासून?

कशेळीत राहून माझा पीएचडीचा विषय सांगणं ही एक पंचाईतच असते. आजूबाजूला गोदामं, रस्त्यावर कंटेनरची रांग, पुलाच्या पलीकडे ठाणं. अशा ठिकाणी "वंशविच्छेदाच्या आठवणी संग्रहालयं लोकांपर्यंत कशा पोहोचवतात" असं म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे हिटलरचं ना? त्याचा आपल्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. संबंध आहे आणि तो बराच जवळचा आहे, हे आज सांगायचा प्रयत्न करते. त्यासाठी आधी कोल्हापूरला जाऊ आणि मग परत आपल्या खाडीकडे येऊ.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत आपण नरसंहार, वंशसंहार, वंशविच्छेद हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. 'जेनोसाइड' हा शब्द मात्र एका माणसानं विचारपूर्वक घडवला. राफाएल लेमकिन हे पोलंडमधले ज्यू वकील. १९४४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला. त्यांचं म्हणणं असं, की खूप माणसं मारणं हा एक गुन्हा, आणि एखादा समाज समाज म्हणून शिल्लकच राहू नये यासाठी केलेले प्रयत्न हा वेगळा गुन्हा. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी यावर करार मंजूर केला. भारतानं तो १९५९ मध्ये अधिकृतपणे स्वीकारला. करारात राष्ट्रीय, वांशिक आणि धार्मिक समूहांचा उल्लेख आहे, राजकीय समूहांचा नाही. सोव्हिएत युनियनचा त्याला विरोध होता. हा बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वळिवड्याची गोष्ट

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश लोकांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, नाटकं, स्काउटची पथकं, असं एक छोटं पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं होतं. आज कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. पोलिश दफनभूमी आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं, तेव्हा लहानपणी या छावणीत राहिलेली काही वृद्ध मंडळी पोलंडहून आली होती. तिथे संग्रहालय करायचंही ठरलं. तिकडे वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

ही गोष्ट आपल्याकडे कशी सांगितली जाते? "युद्धात होरपळलेल्या पोलिश लोकांना कोल्हापूरनं आसरा दिला." ऐकायला बरं वाटतं. छाती थोडी पुढे येते. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण त्यात आपण दिसतो, ते दिसत नाहीत.

ते कोण होते बघा. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरनं आणि पूर्वेकडून स्टालिननं हल्ला केला. पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेला. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात तिथून चार लाटांमध्ये माणसं उचलली गेली. सोव्हिएत कागदपत्रांतला आकडा तीन लाखांच्या वर जातो, जुने पोलिश अंदाज त्याहून कितीतरी मोठे आहेत. उचलण्याची पद्धत ठरलेली होती. आधी याद्या. पहिल्या लाटेत माजी सैनिक असलेले वसाहतदार आणि वनरक्षक यांची कुटुंबं. दुसऱ्या लाटेत अटक झालेल्यांच्या बायका-मुलं. त्याच वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी आणि कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि त्यांच्यातल्या अनेकांची कुटुंबं या दुसऱ्या लाटेत होती. तिसऱ्या लाटेत बहुसंख्य ज्यू, जे हिटलरपासून वाचायला पूर्वेकडे पळून आले होते.

पहाटे दार वाजायचं, सामान बांधायला थोडा वेळ मिळायचा, मग मालगाडीचे डबे आणि सैबेरिया किंवा कझाकस्तान. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केल्यावर स्टालिननं पोलिश सरकारशी समझोता केला आणि जिवंत राहिलेल्यांना सोडलं. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त माणसं इराणात पोहोचली. तिथून काही आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला आणि काही आपल्याकडे, जामनगरजवळ बालाचडीला आणि वळिवड्याला.

आता तो मघाचा बारकावा. या हद्दपारीला वंशविच्छेद म्हणायचं का? इतिहासकारांमध्ये एकमत नाही. राजकीय समूह करारातून वगळले गेले म्हणून स्टालिनचे अनेक गुन्हे त्या चौकटीत नीट बसत नाहीत. पण याच गोष्टीचा दुसरा धागा थेट त्या शब्दाकडे जातो. सैबेरियात नेलेल्या ज्यूंपैकी अनेक जण हाल सोसून जगले. जे पूर्व पोलंडमध्ये मागे राहिले, त्यांच्यातले बहुतेक १९४१ नंतर नाझींनी मारले. म्हणजे क्रूर हद्दपारीनंच काहींचा जीव वाचवला. आठवी-नववीतल्या मुलांना इतिहास किती अवघड असतो हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते कोल्हापुरात आहे!

'आसरा दिला' या वाक्यात आणखी एक गोष्ट झाकली जाते. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारनं उचलला होता. १९४५ मध्ये ब्रिटननं त्या सरकारची मान्यता काढून घेतली. यातल्या बहुतेकांची घरं पूर्व पोलंडमध्ये होती आणि तो भाग सोव्हिएत युनियनला गेला. युद्ध संपलं, पण परत जायला गाव उरलं नव्हतं. हे सगळं सांगितलं तर कोल्हापूरचा मोठेपणा कमी होतो का? मला तर वाटतं वाढतो. कुणाला दार उघडलं हे तेव्हाच नीट कळतं.

संग्रहालयं काय करतात

माझ्या अभ्यासाचा गाभा इथे आहे. जगभरच्या अशा संग्रहालयांचे शाळांसाठीचे कार्यक्रम पाहिले की तीन गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात.

एक, आकड्यातून माणूस बाहेर काढायचा. वॉशिंग्टनमधलं होलोकॉस्ट संग्रहालय १९९३ साली उघडलं. तिथे आत शिरताना हातात एक ओळखपत्र मिळतं, त्यावर एका खऱ्या माणसाची हकिकत असते. रवांडात किगालीच्या स्मारकात मुलांचं एक दालन आहे. फोटो, नाव, वय, आवडता खाऊ, आणि शेवटी मृत्यू कसा झाला. त्या देशात १९९४ मध्ये शंभर दिवसांत किमान आठ लाख माणसं मारली गेली, हा आकडा डोक्यात शिरत नाही. एका पोराला काय खायला आवडायचं, हे मात्र लगेच शिरतं.

दोन, सुरुवात मृतदेहांपासून करायची नाही. रवांडातली गोष्ट सांगताना आधी ओळखपत्रं येतात. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी माणसांच्या कार्डावर हुतू की तुत्सी हे लिहायला सुरुवात केली. साठ वर्षांनंतर रस्ते अडवणाऱ्यांनी तेच कार्ड बघून कुणाला मारायचं ते ठरवलं. मग रेडिओ येतो, शेजाऱ्यांना झुरळं म्हणणारा. कत्तल सगळ्यात शेवटी. मुलांना शिकवायचं आहे ते हे आधीचं, कारण माणसाला काही करता येतं ते तेव्हाच.

तीन, मुलांना बळी किंवा मारेकरी 'बनवून' नाटुकली करायची नाहीत. वॉशिंग्टनच्या संग्रहालयानं शिक्षकांना दिलेल्या सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे. डब्यात कोंबून बसवल्यानं दुःख कळत नाही, त्याचा खेळ होतो. दोन समाजांची दुःखं तराजूत घालू नका, असंही तिथे सांगितलंय.

आता वळिवड्याकडे या नजरेनं बघा. एका मुलाची गोष्ट सांगणं तिथे शक्य आहे. याद्या कशा झाल्या, गाड्या कुठून कुठे गेल्या, हे नकाशावर दाखवणं शक्य आहे. स्तंभ उभारून, फुलं वाहून हे होत नाही. त्यासाठी शिक्षक लागतात आणि वर्गात वाचता येतील असे मराठीतले कागद लागतात.

उल्हास नदीच्या काठानं

छावणी रिकामी झाल्यावर वळिवड्यात काय झालं? पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित आले. आज आपण त्याला गांधीनगर म्हणतो, कापडाची मोठी बाजारपेठ. म्हणजे त्याच छपरांखाली एकामागून एक दोन उखडलेले समाज राहिले.

आणि हे वाचून तुम्हाला आपल्या शेजारचं गाव आठवलं असेल. कशेळीच्या खाडीत जे पाणी येतं ती उल्हास नदी. तिच्याच खोऱ्यात वर कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती. तिथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना ठेवलं गेलं आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव झालं उल्हासनगर. अजूनही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतात. आपण रिक्षात बसून ते शब्द सहज बोलतो. कसला कॅम्प, हे विचारत नाही.

फाळणीतल्या पंजाबच्या कत्तलींना वंशविच्छेद म्हणावं का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. सिंधमध्ये पंजाबइतकी कत्तल झाली नाही, पण जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि उरलेल्या अनेकांनी गाव सोडलं. अमृतसरच्या जुन्या टाउन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचं संग्रहालय उघडलं. लोकांनी दिलेल्या वस्तू आणि लोकांनीच सांगितलेल्या आठवणी, हा त्याचा आधार आहे. उल्हासनगरमधल्या घरांतही अशा वस्तू असणार. सांगणारी पिढी मात्र आता नव्वदीच्या आसपास आहे. यात उशीर करून चालणार नाही, एवढंच म्हणते.

आणि भिवंडी

सगळ्यात अवघड भाग शेवटी. दुसऱ्यांवर दुसऱ्यांनी केलेले अत्याचार शिकवणं सोपं असतं. आपल्या तालुक्याचं काय?

७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. जळगाव आणि महाडमध्येही हिंसा झाली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळली. स्पष्ट सांगते, दंगल म्हणजे वंशविच्छेद नव्हे, आणि दोन्हींना एकच नाव दिलं की दोन्ही समजत नाहीत. पण संग्रहालयांकडून शिकलेली 'आधीचं बघा' ही सवय इथे उपयोगी पडते. मादन आयोगाचा अहवाल वाचण्यासारखा आहे तो यासाठीच. दंगल अचानक भडकली असं आपण म्हणतो. अहवाल मात्र मागची काही वर्षं उलगडतो. मिरवणुकांचे वाद, घोषणा, अफवा, संघटनांची तयारी, पोलिसांचं वागणं, असं एकेक.

आणि याच शहराकडे उलटा धडाही आहे. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची माणसं नियमित एकत्र बसायची, अफवा तिथल्या तिथे तपासल्या जायच्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असं हे दालन होईल. मुलांना फक्त माणसं कशी मरतात एवढंच दाखवलं तर ती घाबरतात किंवा कंटाळतात. दंगल थांबवता येते, आणि ती आपल्याच गावात कुणीतरी बैठका घेऊन थांबवली, हे कळलं तर त्यांच्या हाती काहीतरी लागतं.

म्हणून शिक्षक असाल तर तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. ही माणसं कोण होती? ती कशापासून पळाली किंवा कशात सापडली? आणि त्याच्या आधी कोणी काय केलं, कोणी काय करायचं टाळलं? पहिला प्रश्न बहुतेक स्मारकं विचारतात, दुसरा थोडी, तिसरा फारच कमी.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा महावीर उद्यानात अर्धा तास काढा. सोबत मुलं असतील तर स्मारकासमोर फोटो जरूर घ्या. मग नकाशा उघडून त्यांना आधी कोल्हापूर दाखवा, मग इराण, मग कॅस्पियन, मग कझाकस्तान, असं उलटं मागे नेत पूर्व पोलंडपर्यंत या. तिथे पोहोचल्यावर मुलं स्वतःच विचारतील, "पण त्यांची नावं यादीत लिहिली कोणी?"

त्या प्रश्नावर घाईनं उत्तर देऊ नका.