यंत्र कुणाचं, वेळ कुणाचा?



गेले काही महिने आमच्या गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते वहीत चढले, की अर्धा तास गोष्टीला द्यायचा असं आम्ही ठरवलं आहे. निमित्त झालं मोबाइलचं. हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. कुणी म्हणतं यानं कामं जाणार, कुणी म्हणतं सगळं सोपं होणार. आम्ही म्हटलं, अशा यंत्रांची कल्पना आधीच्या लोकांनी कशी केली होती, ते तरी बघू. तीन पुस्तकं निवडली. जे इंग्रजीत होतं, ते आमच्यातली एक वाचून मराठीत सांगायची.

पहिली गोष्ट एका बाईची. रोकेया सखावत हुसेन. जन्म 1880 चा, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागातला. घरात कडक पडदा. शाळेत पाठवलं नाही. थोरल्या भावानं रात्री, घर झोपल्यावर, तिला इंग्रजी शिकवलं. त्याच इंग्रजीत तिनं ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचं स्वप्न, ही गोष्ट लिहिली. 1905 साली मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात ती छापून आली.

या स्वप्नातल्या देशात बायका बाहेरचा कारभार बघतात आणि पुरुष घरात पडद्यात असतात. तिथं बायकांची दोन विद्यापीठं आहेत. एकीनं ढगांतून पाणी उतरवायची युक्ती काढली, दुसरीनं सूर्याची उष्णता साठवायची. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही. उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. शेत विजेवर नांगरलं जातं. कचेरीचं काम दोन तासांत उरकतं.

हे ऐकून बैठकीत हसू फुटलं, मग वादही झाला. पुरुषांना कोंडून न्याय होतो का? आम्हाला ते पटलं नाही. पण एक वयस्क सदस्य म्हणाल्या, “ती कोंडायला सांगत नाही गं. कोंडल्यावर कसं वाटतं, ते दाखवते.” त्यावर सगळ्या गप्प झाल्या. आम्हाला भिडली ती दुसरीच गोष्ट. बाईच्या हाती शोध लावायचं काम आलं, तेव्हा तिनं आधी चुलीचा धूर घालवला आणि पाणी आणलं. पुढे याच रोकेयांनी मुलींची शाळा काढली आणि 1911 पासून कलकत्त्यात ती चालवली.

दुसरं पुस्तक म्हणजे एक नाटक, युरोपातल्या चेक भाषेतलं. लेखक कारेल चापेक. 1920 साली ते छापलं गेलं आणि पुढच्या वर्षी प्राग शहरात रंगमंचावर आलं. ‘रोबो’ किंवा ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो या नाटकातून. तो सुचवला चापेकच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनं राबणं. आपण त्याला वेठ म्हणतो. त्या भागात 1848 साली ही वेठ कायद्यानं बंद झाली होती. म्हणजे रोबो हा शब्द यंत्राचा नव्हेच, वेठबिगाराचा आहे!

नाटकात एका बेटावरच्या कारखान्यात कृत्रिम माणसं बनतात. त्यांना मजुरी नको, तक्रार नाही. जगभर ती विकली जातात. कारखान्याचा व्यवस्थापक म्हणतो, आता कुणाला राबावं लागणार नाही. ऐकायला छान आहे. पण मजुरांची कामं जातात आणि सरकारं याच रोबोंना सैन्यात घालतात. शेवटी रोबो उठाव करतात. एकाच माणसाला जिवंत ठेवतात, बांधकाम बघणाऱ्याला. का? तर तो स्वतःच्या हातांनी काम करतो. आम्हाला तिन्हींत हे नाटक जास्त आवडलं, ते या एका कारणासाठी.

तिसरं पुस्तक आपल्या मराठीतलं. डॉ. जयंत नारळीकर, कोल्हापूरला जन्मलेले मोठे शास्त्रज्ञ. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नाव बदलून. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप झाले. बक्षीस मिळालं ते या जगतापांना.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी आम्ही वाचली. तिच्यात वामन नावाचा, बुद्धीनं माणसाला भारी ठरणारा यंत्रमानव आहे. शेवट सांगत नाही, वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. पण नावावर आम्ही बराच वेळ बोललो. ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं आपण दिवाळीत ओवाळताना म्हणतो. त्या बळीकडे वामनानं तीन पावलंच मागितली होती, आणि सगळं घेतलं. आजचं यंत्रही सुरुवातीला थोडंच मागतं. एक फोटो, एक अंगठा, थोडा आवाज.

आणि हे यंत्र आपोआप शहाणं होत नाही. माणसांनी लिहिलेलं, बोललेलं वापरून ते शिकतं. फोटोंना नावं देणं, आवाज तपासणं ही कामं माणसंच करतात, आपल्या देशातही. हे काम गावात आलं, तर मजुरी विचारूनच घ्यायला हवं. नाहीतर ‘रोबोटा’ पुन्हा आपल्याच दारात.

त्याच वयस्क सदस्य शेवटी म्हणाल्या, “आमचं जातं सुटलं, चक्की आली. बरं झालं, हात सुटले. पण पहाटेची ती दोन तासांची झोप मला कुठं मिळाली? त्या वेळात दुसरं काम आलं.” तीन पुस्तकांतून जे आम्ही शोधत होतो, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

म्हणून आम्ही यंत्राला घाबरायचं नाही असं ठरवलं, आणि भुलायचंही नाही. नवीन काही आलं की बैठकीत तीन प्रश्न विचारायचे. यानं कुणाचं काम हलकं झालं? वाचलेला वेळ आणि पैसा कुणाच्या पदरात पडला? आणि चुकलं, तर जाब कुणाला विचारायचा?

तुमच्या गटातही विचारून बघा. आणि हो, एखादी गोष्टही वाचा.